हक्क दोनदा पोहोचतो तेव्हा

जून २०२३ मध्ये येन्स ॲक्सबो यांनी लिनक्स कर्नलच्या आयओ-यूरिंग या भागात तीन लहान दुरुस्त्या केल्या. तिन्ही सॉकेटच्या कामाशी निगडित आणि प्रत्येकी मोजक्या ओळींच्या. संदेशाच्या कंट्रोल भागाचा मूळ पत्ता आधी जपून ठेवा, कारण काम पुन्हा करायची वेळ आली तर तो लागेल, ही पहिली. अर्धा मजकूर गेला आणि उरलेला पाठवायचा असेल, तर कंट्रोलचा भाग पुन्हा जोडू नका, ही दुसरी. आणि कंट्रोलचा भाग मागितलेला असेल, तर अर्धवट आलेला संदेश पुन:पुन्हा वाचून पुरा करण्याच्या भानगडीत पडू नका, ही तिसरी. त्यांची कुठे बातमी झाली नाही. पण आयओ-यूरिंगमध्ये संदेश पाठवण्या-घेण्याची सोय २०१९ पासून होती, आणि जगातले अनुभवी कर्नल प्रोग्रामर तो कोड रोज वाचत होते. तरीही इतक्या प्राथमिक तीन गोष्टी चार वर्षांनी दुरुस्त कराव्या लागल्या. याचे कारण कोणाचा निष्काळजीपणा नाही. कंट्रोल मेसेज हा मजकुराचाच जोडभाग आहे, असे गृहीत धरण्याची आपली सवय त्याच्या मुळाशी आहे, आणि ती सवय धोक्याची आहे.

सॉकेटवर सेंडमेसेज या सिस्टिम कॉलने जे पाठवले जाते, त्याचे दोन भाग असतात. एक साधा मजकूर, म्हणजे बाइट्स. दुसरा कंट्रोलचा. त्यात लांबी, स्तर आणि प्रकार सांगणारे छोटे शीर्षक असते व त्यामागे त्या प्रकाराची माहिती. काही प्रकार निरुपद्रवी आहेत: पाकीट किती वाजता आले, कोणत्या इंटरफेसवरून आले वगैरे. दोन प्रकार मात्र वेगळ्या जातीचे. युनिक्स सॉकेटवरून एससीएम राइट्स पाठवले, की पाठवणाऱ्याची उघडी फाइल घेणाऱ्याच्या ताब्यात जाते. त्याला ती स्वतः उघडण्याची परवानगी नसली तरी. एससीएम क्रेडेन्शियल्समध्ये पाठवणाऱ्याचा प्रोसेस क्रमांक, युजर आणि ग्रुप जातात, आणि ते खरे असल्याची हमी कर्नल घेतो. पत्राच्या लिफाफ्यात मजकुरासोबत घराची किल्लीही घालून द्यावी, तसा हा व्यवहार आहे.

उघडी फाइल अशी हाती देण्याची सोय १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून आहे. आज तिच्यावाचून लिनक्स डेस्कटॉप चालणार नाही. वेलँड या डिस्प्ले प्रोटोकॉलमध्ये प्रोग्रामने रंगवलेले चित्र ज्या मेमरीत असते, त्या मेमरीचा डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा क्रमांक, याच मार्गाने खिडक्या मांडणाऱ्या प्रोग्रामकडे जातो. डी-बस आणि सिस्टिमडी समोरचा कोण आहे हे ओळखायला क्रेडेन्शियल्स वापरतात. म्हणजे इथे झालेली चूक चुकीच्या बाइटवर थांबत नाही, ती चुकीच्या माणसाच्या हाती चुकीचा अधिकार देते.

हा सगळा व्यवहार किती काटेकोर आहे, ते एका आकड्यावरून कळते. ६४ बिटच्या यंत्रावर कंट्रोल मेसेजचे शीर्षक १६ बाइटचे असते आणि एक फाइल डिस्क्रिप्टर ४ बाइटचा. एक डिस्क्रिप्टर घ्यायचा तर २० बाइट पुरतात. पण ठरलेल्या मॅक्रोने जागा मोजली, तर ८ च्या पटीत पूर्ण करण्यासाठी ती २४ भरते. प्रोग्रामर २४ बाइटचा बफर देतो आणि समजतो की फार तर एकच फाइल येईल. कर्नलचा हिशेब निराळा: २४ मधून शीर्षकाचे १६ वजा करा, उरलेल्या ८ ला ४ ने भागा, उत्तर दोन. वाकड्या हेतूच्या पाठवणाऱ्याने दोन फाइली पाठवल्या, तर दोन्ही उघडतात. पहिला क्रमांक वाचून पुढे जाणाऱ्या प्रोग्रामला दुसरीचा पत्ताच लागत नाही. असे दर संदेशाला घडत राहिले की सर्व्हरचा डिस्क्रिप्टरचा कोटा संपतो आणि तो नवी जोडणी घेऊ शकत नाही. बफरमध्ये न मावणाऱ्या फाइली कर्नल स्वतःच टाकून देतो आणि कंट्रोलचा भाग कापला गेल्याची खूण संदेशावर करतो. ती खूण तपासणारा कोड मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

हे झाले साध्या, थांबून राहणाऱ्या सिस्टिम कॉलबद्दल. तिथे निदान तीन गोष्टी गृहीत धरता येतात. काम मागणारा आणि काम चालू असताना कर्नलच्या दृष्टीने हजर असलेला एकच असतो. काम मागितले त्याच घडीला होते. आणि एका हाकेला ते एकदाच होते. सॉकेटचा जुना कोड या तिन्हींवर उभा आहे. ‘आत्ता चालू असलेली प्रोसेस’ असे तो बेधडक विचारतो आणि मिळालेल्या उत्तरावर परवानगी देतो किंवा नाकारतो. आयओ-यूरिंगची असिंक्रोनस पद्धत नेमकी या तिघांनाच हात घालते. अर्ज आत्ता टाकायचा, काम नंतर कधीतरी, कदाचित दुसऱ्याच थ्रेडवर, कदाचित दोन-तीन खेपांत होईल, आणि निकाल रिंगमध्ये, म्हणजे कर्नल आणि प्रोग्राम दोघांनाही दिसणाऱ्या रांगेत, येऊन पडेल. वेगासाठी ही मांडणी अत्यंत मोलाची आहे. तिच्या विरोधात मी नाही. पण जुना कोड उचलून नव्या मांडणीत बसवला, की त्याची गृहीतके बरोबर येत नाहीत.

पहिला फटका ‘कोण’ या प्रश्नाने दिला. आयओ-यूरिंग मे २०१९ च्या लिनक्स ५.१ मध्ये आले आणि ५.३ मध्ये त्यावरून संदेश पाठवता-घेता येऊ लागले. लगेच न होणारे काम कर्नलच्या स्वतःच्या वर्कर थ्रेडकडे जाई. तो थ्रेड युजर शून्य, म्हणजे रूट, आणि त्याच्यापाशी सर्व अधिकार. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधल्या यान हॉर्न यांनी दाखवून दिले की सामान्य युजरने टाकलेला संदेश अशा वर्करच्या हातून गेला, तर समोरच्या बाजूला तो रूटने पाठवल्यासारखा दिसतो. नमुना साधा होता: ज्याला नेटवर्कला हात लावायची परवानगी नाही, तो युजर लूपबॅक इंटरफेसला नवा आयपी पत्ता जोडू शकत होता. सुरक्षादोषांच्या यादीत हीच सीव्हीई-२०१९-१९२४१. दुरुस्ती ५.४.२ मध्ये आली: वर्करने काम करताना मागणाऱ्याची ओळख अंगावर घ्यावी. पुढे याच जातीचा आणखी एक दोष निघाला. पत्त्याचा मार्ग शोधताना वर्कर मागणाऱ्याची मूळ डिरेक्टरी न धरता भलतीच धरत होता, त्यामुळे कोंडून ठेवलेली प्रोसेस बाहेरच्या फाइलप्रणालीपर्यंत पोहोचू शकत होती. ओळख म्हणजे फक्त युजर क्रमांक नव्हे. डिरेक्टरी, नेमस्पेस, मर्यादा असे तिचे अनेक पदर आहेत, आणि एकेक आठवून अंगावर चढवायचा म्हटले की एखादा राहणारच.

त्या वेळी घेतलेला एक निर्णय मला आजही अनुकरणीय वाटतो. २०१९ अखेर कर्नलने आयओ-यूरिंगवरून कंट्रोल मेसेज सरळ बंद केले. संदेशाला कंट्रोलचा भाग जोडलेला दिसला, की उत्तर ‘अवैध’. मग दार हळूहळू किलकिले केले गेले. टीसीपीच्या झीरो-कॉपी (मजकुराची नक्कल न करणाऱ्या) पाठवणीचा निरोप कंट्रोल मेसेजनेच मिळतो, म्हणून जिथे कंट्रोलमध्ये निव्वळ माहितीच असते, फाइल नाही आणि विचारणाऱ्यानुसार बदलणारी ओळखही नाही, अशा प्रोटोकॉलना तशी खूण लावून परवानगी दिली. आधी टीसीपी, नंतर यूडीपी. ५.१२ पासून वर्कर हे मागणाऱ्या प्रोसेसचेच थ्रेड म्हणून जन्माला येऊ लागले. ओळख अंगावर चढवण्याचा प्रश्न निकालात निघाला आणि २०२१ मध्ये बंदी उठली. अधिकार वाहणारे संदेश आणि माहिती वाहणारे संदेश यांत सीमारेषा आखायची, पाया पक्का होईपर्यंत पहिले थोपवायचे: हा क्रम योग्य होता.

बंदी उठवताना दिलेले कारण असे की वर्कर आता मूळ प्रोसेसची थेट प्रतिकृती आहेत, तेव्हा जे ती करू शकते ते सगळे त्यांनाही चालेल. ‘कोण’ या प्रश्नापुरते ते बरोबर होते. ‘केव्हा’ आणि ‘किती वेळा’ हे दोन प्रश्न तसेच राहिले, आणि २०२३ च्या दुरुस्त्या त्यांतून आल्या.

पहिली दुरुस्ती जवळून पाहण्याजोगी आहे. संदेशाच्या रचनेत कंट्रोल भागाचा पत्ता असतो. सुरुवातीला तो युजरच्या मेमरीतला. पाठवताना कर्नल तो भाग स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो आणि रचनेतला पत्ताही बदलून आपल्या प्रतीचा लिहितो. साध्या सिस्टिम कॉलमध्ये यात गैर काहीच नाही, कारण कॉल संपला की रचनाही संपते. आयओ-यूरिंगमध्ये पहिला प्रयत्न ‘आत्ता जागा नाही’ म्हणून परतला, तर तीच रचना हाती घेऊन दुसरा प्रयत्न होतो. आता तिच्यात युजरचा पत्ता नाही, कर्नलचा आहे, तोही संपून गेलेल्या प्रतीचा. त्या पत्त्यावरून ‘युजरच्या मेमरीतून’ उतरवून घ्यायला गेलेला कोड अडतो, कारण उतरवणारे फंक्शन पत्ता युजरच्या हद्दीतला आहे का ते तपासते. अर्जदाराला ‘पत्ता चुकीचा’ एवढाच निकाल मिळतो. ती तपासणी नसती, तर कर्नलने स्वतःच्याच मेमरीतले शिळे बाइट कंट्रोल मेसेज समजून वाचले असते. म्हणजे इथे आपल्याला वाचवले ते या मार्गाची आखणी करणाऱ्याने नव्हे, पार दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी ठेवलेल्या राखणीने.

दुसरी दुरुस्ती याहून बोलकी. समजा, एका स्ट्रीम सॉकेटवर मोठा मजकूर आणि सोबत एक फाइल पाठवायची आहे, आणि ‘सगळे जाईपर्यंत थांब’ असे सांगितले आहे. सॉकेटच्या बफरमध्ये जागा कमी, म्हणून निम्मा मजकूर जातो. फाइल पहिल्या तुकड्यासोबतच गेलेली असते. उरलेला निम्मा पाठवायला आयओ-यूरिंग पुन्हा तेच फंक्शन बोलावते. पहिल्या दुरुस्तीमुळे आता मूळ पत्ता जपलेला असतो, आणि कंट्रोलची लांबी अजून शून्य झालेली नसल्यामुळे फाइल पुन्हा जाते. घेणाऱ्याकडे एकाच फाइलचे दोन डिस्क्रिप्टर. गंमत नव्हे, चिंता वाटावी अशी गोष्ट ही की युनिक्स सॉकेटच्या जुन्या कोडला हा नियम पूर्ण ठाऊक आहे. मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या त्याच्या फेऱ्यात फाइली एकदा पाठवून झाल्याची नोंद ठेवणारा एक व्हेरिएबल आहे आणि फाइली पहिल्याच तुकड्यासोबत जाव्यात अशी टीपही. पण ते शहाणपण एका फंक्शनच्या आत होते. फेरा त्या फंक्शनच्या बाहेरून घातला जाईल, हे ते लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हते.

घेण्याच्या बाजूला तर सुरक्षित पुनर्प्रयत्न शक्यच नाही, असा निष्कर्ष काढून तिसऱ्या दुरुस्तीने तो बंद केला. पहिल्या खेपेला आलेला कंट्रोल मेसेज बफरच्या सुरुवातीला लिहिलेला असतो. दुसऱ्या खेपेचा त्याच्यावरच लिहिला जाईल. त्यात फाइल असेल, तर तिचा क्रमांक पुसला जातो, उघडी फाइल मात्र प्रोसेसच्या तक्त्यात राहते. काळजीपूर्वक लिहिले तर पुढच्या जागेपासून भरता येईल, पण तेवढी गुंतागुंत नको, असे ठरले. मला हा निर्णय पटतो. त्याचा अर्थ प्रोग्रामरने मात्र ओळखायला हवा: ‘सगळे येईपर्यंत थांब’ असे सांगूनही कंट्रोलचा भाग मागितला असेल, तर अपुरा संदेश येऊ शकतो आणि तो पुरा करणे आपल्यावर आहे.

ही जात नवी नाही. २००५ मध्ये सेंडमेसेजमध्येच सीव्हीई-२००५-२४९० सापडली होती. कर्नल आधी युजरच्या मेमरीतल्या कंट्रोल मेसेजच्या लांब्या वाचून एकूण जागा ठरवी आणि मग पुन्हा वाचून मजकूर उतरवी. दोन वाचनांच्या मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने लांबी वाढवून ठेवली, की स्टॅकवरची जागा ओलांडून लिहिले जाई आणि कर्नलमध्ये हवा तो कोड चालवता येई. ती फट फार लहान होती. असिंक्रोनस कामात अर्ज आणि अंमल यांच्यात सेकंद जाऊ शकतात, मिनिटेही. फट रुंदावली असताना एकदाच वाचा, आपल्या प्रतीवरच तपासा आणि त्याच प्रतीवर चाला, हा नियम दुप्पट कडक पाळावा लागतो.

अधिकार संदेशात घालण्याचा आणखी एक परिणाम आहे, तो चटकन ध्यानात येत नाही. वाटेत असलेली फाइल कोणाचीच नसते. दोन युनिक्स सॉकेट एकमेकांतून पाठवले आणि दोन्ही बंद केले, तर एकमेकांना धरून ते कायमचे मेमरीत राहतील. म्हणून कर्नलला अशा चक्रांसाठी खास सफाई यंत्रणा ठेवावी लागते. आयओ-यूरिंगची रिंग हीसुद्धा एक फाइल, ती पाठवता येई, आणि तिच्या पोटात नोंदवलेल्या आणखी फाइली असत. सफाईवाल्याने ‘ही फाइल कोणी धरलेली नाही’ असे ठरवून सोडून दिली आणि त्याच वेळी रिंगवरचे एक काम ती वापरत होते: ऑक्टोबर २०२२ मध्ये उघड झालेली सीव्हीई-२०२२-२६०२ ती हीच. मुक्त झालेल्या मेमरीवर काम चालू राहणे म्हणजे हल्लेखोराला दिलेले निमंत्रण. डिसेंबर २०२३ मध्ये रिंग सॉकेटवरून पाठवण्यावरच बंदी आली आणि त्यासाठीचा सारा कोड काढून टाकला गेला. ती सोय कोणी फारशी वापरतही नव्हते. वापर जवळपास शून्य आणि धोका पूर्ण, अशी सोय चार वर्षे उघडी राहिली, याची टोचणी व्यवस्था आखणाऱ्या प्रत्येकाला लागली पाहिजे.

गूगलने जून २०२३ मध्ये आपल्या कर्नल-बक्षीस योजनेचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा आलेल्या ४२ हल्ल्यांपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगवर बेतलेले होते. त्यांनी ते क्रोमओएसवर आणि आपल्या सर्व्हरवर बंद केले, अँड्रॉइडवरच्या ॲप्सना त्याची वाट रोखली. खिशातल्या अँड्रॉइड फोनवर म्हणूनच हा धोका बराच कमी आहे. पण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत जे लिनक्स सर्व्हर चालतात, त्यांच्याबाबत हा निर्णय दुसरे कोणी घेऊन ठेवलेला नसतो. ६.६ पासून कर्नलमध्ये आयओ-यूरिंग अंशतः किंवा पूर्ण बंद करण्याची सेटिंग आहे. ज्या यंत्रावर त्याचा वापर नाही, तिथे ती बंदवर असावी. आणि सिस्टिम कॉल गाळणाऱ्या सेककॉम्पच्या चाळणीने सेंडमेसेज अडवले म्हणजे भागले, असे मानू नये. रिंगवरून गेलेला सेंडमेसेज हा सिस्टिम कॉल नसतोच. चाळणीला तो दिसत नाही. अडवायचे तर रिंगचे कॉलच अडवले पाहिजेत.

ज्यांना रिंग हवीच आहे, त्यांनी दोन जागी विशेष जपावे. एक, रिंग कधी तयार केली ती वेळ. कर्नलच्या पोलिंग थ्रेडवर चालणारी रिंग तयार होतानाची ओळख धरून ठेवते. सर्व्हरने रूट असताना रिंग बनवली आणि मग साध्या युजरवर उतरला, तर रिंगवरची कामे पुढेही रूटच्या नावाने होत राहतील. क्रेडेन्शियल्सची तपासणीही त्याच नावाने. अधिकार आधी सोडावेत, रिंग नंतर बनवावी. दुसरी जागा काम रद्द करण्याची. रद्दचा अर्ज टाकला म्हणजे काम रद्द झाले असे नाही. ‘आधीच चालू आहे’ असे उत्तर येऊ शकते. तेवढ्यात बफर मोकळा करून टाकला, तर कर्नल मोकळ्या मेमरीत लिहील. आणि रद्द होता होता संदेश येऊनच पडला असेल, तर त्यातल्या फाइली आता आपल्या आहेत. मूळ कामाचा निकाल वाचून त्या बंद करायची जबाबदारीही आपली. रस्टसारख्या भाषांत फ्यूचर (अजून पुरे न झालेले काम) टाकून देणे हे जणू रद्द करणेच समजले जाते, तिथे ही चूक हटकून होते.

माझे मत असे की फाइल आणि ओळख यांची देवाणघेवाण रिंगवर नेण्याची बहुसंख्य प्रोग्रामना गरजच नसते. जोडणी उभारताना एकदा घडणारी ती गोष्ट आहे, तिथे वेगाचा फायदा नगण्य. ती साध्या सिस्टिम कॉलने करावी आणि मजकुराचा ओघ तेवढा रिंगवर सोडावा. ज्यांना तरीही न्यायची आहे, त्यांनी आपल्या कर्नलवर एक चाचणी जरूर करावी. पाठवणाऱ्या सॉकेटचा बफर जमेल तेवढा लहान ठेवा. त्यात एका दमात मावणार नाही इतका मजकूर आणि सोबत एकच फाइल रिंगवरून पाठवा, सगळे जाईपर्यंत थांब असे सांगून. घेणाऱ्याने मुद्दाम सावकाश वाचावे, म्हणजे पाठवणाऱ्याला दुसरी खेप करावीच लागेल. मग घेणाऱ्या प्रोसेसच्या प्रॉक डिरेक्टरीत उघडे डिस्क्रिप्टर संदेशाआधी आणि नंतर मोजा. फरक एक यायला हवा आणि मजकूर पुरा पोहोचायला हवा. फरक दोन आला किंवा मजकूर अपुरा राहिला, तर त्या यंत्रावरचा कर्नल जून २०२३ च्या मागे आहे आणि तो बदलेपर्यंत तिथे कंट्रोल मेसेज रिंगवर जाता कामा नये.